काळं तेल, हिरवं तेल आणि मधले आम्ही

मीठपाणी

परवाच साइन ऑफ होऊन घरी आलो. पुतणीने विचारलं, "काका, तुमची जहाजं आता प्रदूषण करत नाहीत म्हणे?" मी उत्तर द्यायला बसलो आणि थोड्या वेळाने बघतो तर ती झोपलेली. उरलेलं उत्तर इथे टाकतोय, तुम्ही तरी जागे राहा.

मी मालवाहू जहाजांवर इंजिनियर, गेली काही वर्षं चीफ. जगातला ८० टक्क्यांच्या आसपास माल समुद्रावरून जातो आणि माणसाने हवेत सोडलेल्या हरितगृह वायूंपैकी साधारण ३ टक्के जहाजांचे. एक टन माल एक किलोमीटर न्यायचा हिशेब केला तर ट्रक आणि विमान आमच्या जवळपासही येत नाहीत. पण आम्ही जाळत काय होतो ते ऐका. रिफायनरीत पेट्रोल, डिझेल, सगळं काढून झालं की तळाला जे उरतं ते. गार असताना डांबर. शंभराच्या पुढे तापवल्याशिवाय इंजिनात शिरत नाही. त्यात ३.५ टक्क्यांपर्यंत सल्फर चालायचं. युरोपात मोटारीच्या डिझेलला मर्यादा आहे ०.००१ टक्के.

१ जानेवारी २०२० पासून ही मर्यादा जगभर ०.५ टक्क्यावर आली. बाल्टिक, उत्तर समुद्र आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालगत २०१५ पासूनच ०.१ होती, मे २०२५ पासून भूमध्य समुद्रालाही तीच लागू झाली. कागदावर एका दशांश चिन्हाची गोष्ट. जहाजावर काय झालं ते सांगतो.

२०२० चे पहिले महिने. नवीन कमी सल्फरचं तेल म्हणजे एक तेल नव्हेच, ज्याला जे जमलं ते त्याने मिसळून ०.५ च्या आत बसवलेलं. आमच्या टाकीत एका बंदरातलं थोडं शिल्लक होतं. त्यावर दुसऱ्या बंदरातलं घ्या, असा ऑफिसचा निरोप. मी म्हटलं, रिकामी टाकी द्या. टाकी नव्हती. दोन्ही तेलांचे रिपोर्ट चोख, एकेकटं दोन्ही निर्दोष. एकत्र आल्यावर दूध नासावं तशी फाटली. तेलात विरघळून असलेले जड कण बाहेर पडले आणि खाली काळ्या लोण्यासारखा गाळ. तेल साफ करणारा प्युरिफायर तासातासाला चोक, फिल्टर धुऊन बसवेपर्यंत दुसरा भरलेला. मी, सेकंड इंजिनियर आणि फिटर, तिघं सलग दीड दिवस त्याच कामात. किनारा तीस मैलांवर आणि मेन इंजिनाचा तेलदाब खालीवर होतोय, तेव्हा पोटात काय होतं ते लिहिता येत नाही. इंजिन बंद पडलं नाही, एवढंच.

तेव्हापासून नव्या इंधनाची बातमी वाचली की मी आधी विचारतो, याचा गाळ कोण काढणार?

आळशी_वाचक

जागा आहे. येऊ द्या पुढचं. (पुतणीलाही हा धागा पाठवा.)

शंकेखोर

चीफसाहेब, लेख आवडला, पण एक शंका. बातम्यांत वाचलं होतं की पुष्कळ जहाजं अजूनही तेच जुनं काळं तेल वापरतात आणि कायद्यात बसतात. हे कसं? पैसे चारून?

मीठपाणी

नाही हो, पैसे चारून नाही. धुराड्यात न्हाणीघर बांधून! त्याला स्क्रबर म्हणतात. धुरावर समुद्राचं पाणी फवारायचं, सल्फरची आम्लं पाण्यात उतरतात, धूर मर्यादेत. मग ते आम्लधर्मी पाणी समुद्रात सोडायचं. हा ओपन लूप. क्लोज्ड लूपमध्ये पाणी फिरवून वापरतात आणि गाळ टाकीत साठवतात.

कंपन्यांनी हे का केलं, तर निव्वळ हिशेब. २०२० च्या सुरुवातीला जुन्या आणि नव्या तेलाच्या भावात टनामागे ३०० डॉलरच्या आसपास फरक होता. दिवसाला ६० टन जाळणारं जहाज असेल तर रोजचे १८ हजार डॉलर. बसवायचा खर्च काही दशलक्ष, तो वर्षा-दोन वर्षांत वसूल. मग करोना आला, तेल कोसळलं, फरक शंभरच्या खाली गेला आणि ज्यांनी कर्ज काढून बसवले त्यांची झोप उडाली. २०२२ मध्ये फरक पुन्हा वर गेला, तेव्हा तीच माणसं शहाणी ठरली.

शंकेखोर

म्हणजे हवेतला कचरा पाण्यात. वा! याला पर्यावरण नियम म्हणायचं?

मीठपाणी

तुमचा टोमणा बरोबर जागी बसलाय. म्हणून तर एकेक बंदर ओपन लूपला बंदी घालत गेलं. सिंगापूरने घातली, चीनने किनाऱ्याजवळ घातली, डेन्मार्क आणि स्वीडनने जुलै २०२५ पासून आपल्या हद्दीत. मी स्वतः स्क्रबरच्या जहाजावर काम केलंय. त्या पाइपांना जे गंज चढतात ते बघितलं की पाण्यात काय जातंय याचा अंदाज येतो.

लंबक

अवांतर, पण राहवत नाही. सल्फर कमी झाल्याचा एक अनपेक्षित परिणाम हवामानवाले सांगतात. जहाजांच्या धुरातल्या सल्फेट कणांवर ढग जमायचे, उपग्रहाच्या चित्रांत महासागरावर पांढऱ्या रेघोट्या दिसायच्या. ते ढग ऊन परतवायचे. २०२० नंतर रेघोट्या ठळकपणे कमी झाल्या, म्हणजे आपण पृथ्वीवरची एक विरळ सावली काढून घेतली. तापमानावर परिणाम किती यावर वाद आहे, बहुतेक अंदाज अंशाच्या काही शतांश भागांचे.

शंकेखोर

घ्या! म्हणजे सल्फर ठेवायला हवं होतं?

लंबक

नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या फुप्फुसांनी ती सावली विकत घेतली होती. जहाजांच्या सल्फर ऑक्साइडमध्ये या नियमाने ७७ टक्के घट व्हावी असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. ते बरोबरच झालं. फक्त कार्बन कमी न करता सल्फर कमी केलं की तापमानाचं खरं रूप लवकर दिसतं, इतकंच.

हिशेबनीस

मीठपाणी साहेबांनी इंजिनरूम दाखवली, मी ऑफिसची बाजू सांगते. जहाज भाड्याने देण्याघेण्याच्या धंद्यात सोळा वर्षं काढली आहेत. आमच्याकडे हल्ली "इंधन कुठलं" यापेक्षा "बिल कोणाचं" यावर जास्त बैठका होतात.

कारण असं. टाइम चार्टरमध्ये जहाज एकाचं, चालवायला घेतो दुसरा. इंधनाचे पैसे हा दुसरा, म्हणजे चार्टरर, भरतो. आता मालकाने वीस लाख डॉलर घालून इंधन वाचवणारं काही बसवलं, तर वाचलेलं तेल कोणाचं? चार्टररचं. मालकाला काय मिळालं? पुढच्या करारात थोडं जास्त भाडं मिळेल अशी आशा. म्हणून वर्षानुवर्षं साध्या साध्या सुधारणाही झाल्या नाहीत. तंत्र नव्हतं असं नाही, ज्याच्या खिशातून जाणार त्याच्या खिशात येणार नव्हतं.

२०२४ पासून युरोपने जहाजांना कार्बन बाजारात ओढलं. ५००० सकल टनभाराच्या (हे जहाजाच्या आकारमानाचं माप) वरची जहाजं. युरोपातल्या दोन बंदरांमधल्या प्रवासाचं सगळं उत्सर्जन, बाहेरून येताजाताना निम्मं. २०२४ च्या उत्सर्जनाचे ४० टक्के, २०२५ चे ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण परवाने विकत घ्यायचे, एका टनाला एक परवाना. एक टन जड तेल जाळलं की ३.११ टन कार्बन डायऑक्साइड. परवाना ७० युरोला धरला तर तेलाच्या प्रत्येक टनावर जवळपास २१८ युरो वरचे, बाहेरून येताना त्याच्या अर्धे. एवढे पैसे दिसायला लागल्यावर मात्र सगळ्यांना अचानक निसर्ग आठवला.

कायद्याने जबाबदार जहाजाची कंपनी, पण जाळायचा निर्णय चार्टररचा. मग करारात नवी कलमं आली. परवाने दर महिन्याला द्यायचे की फेरी संपल्यावर, जहाज मध्येच परत आलं तर काय, भाव कोणत्या दिवसाचा. एका करारात या एका कलमावर आम्ही तीन आठवडे भांडलो, भाड्याचा आकडा दोन दिवसांत ठरला होता.

वल्हेकरी

ताई, मग कंपन्या युरोपच्या दारात एखाद्या बाहेरच्या बंदरात थांबून प्रवास 'तोडून' पैसे वाचवणार नाहीत का? मी कॅडेट आहे, आमच्यात अशी चर्चा चालू असते.

हिशेबनीस

डोकं बरोबर चालतंय तुझं. कायदा करणाऱ्यांचंही चाललं होतं. युरोपच्या बंदरापासून ३०० सागरी मैलांच्या आत असलेलं आणि ज्याची ६५ टक्क्यांहून जास्त कंटेनर उलाढाल फक्त एका जहाजातून दुसऱ्या जहाजात चढवण्याची आहे, असं बाहेरचं बंदर कंटेनर जहाजांसाठी 'थांबा' धरतच नाहीत. पूर्व पोर्ट सैद आणि टँजर मेड ही दोन नावं त्या यादीत घातली. म्हणजे तिथे थांबलात तरी प्रवास मागून मोजणार.

गलबतवाला

मला एक कळत नाही, एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा जहाजं हळू का चालवत नाहीत?

मीठपाणी

चालवतात! आणि आजवर सगळ्यात जास्त कार्बन याच एका उपायाने वाचलाय. लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनात वाढते. वेग १० टक्के कमी केला की ताकद २७ टक्के कमी लागते. प्रवासाला वेळ जास्त लागतो तो धरूनही तेल १९ टक्क्यांच्या आसपास वाचतं. ना नवीन इंधन, ना नवीन टाकी. काही कंपन्यांनी तर जुन्या वेगासाठी घडवलेलं पुढचं बल्ब (जहाजाच्या नाकाखालचं फुगीर टोक) कापून हळू वेगाला साजेसं दुसरं बसवलं.

२०२३ पासून जुन्या जहाजांनाही कार्यक्षमतेची अट आली. बहुतेकांनी ती कशी पूर्ण केली माहितीय? इंजिनाच्या ताकदीला कुलूप लावून, सील करून. जीव वाचवायची वेळ आली तरच सील तोडायचं आणि नोंद करायची. पुष्कळ जहाजं त्या ताकदीला तशीही कधी जात नव्हती. म्हणजे न जेवणाऱ्याने उपास धरला.

पण हळू चालण्यालाही एक मर्यादा आहे. जहाजं हळू झाली की तेवढाच माल न्यायला जहाजं जास्त लागतात. आणि २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालायची वेळ आली, तेव्हा वेळापत्रक सांभाळायला कंटेनरवाल्यांनी पुन्हा वेग वाढवला. वर्षांची कमाई काही महिन्यांत धुपली.

हिशेबनीस

त्यात आणखी भर. करारात जुनं कलम असतं, जहाजाने "शक्य तितक्या त्वरेने" पोचायचं. मग सगळे धावत जातात आणि बंदराबाहेर आठवडाभर नांगर टाकून बसतात. जागा रिकामी नाही हे निघताना माहीत असतं बरं का. पण आधी पोचला त्याचा नंबर आधी, आणि थांबलेल्या दिवसांचं विलंबशुल्क मिळतं. हळू येणाऱ्याला काय मिळतं? मागचा नंबर.

मीठपाणी

ताई, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आता सीआयआय, म्हणजे जहाजाच्या कार्बनचा निर्देशांक, ऐका. हाही २०२३ पासून. जहाजाला वर्षाच्या शेवटी ए पासून ई पर्यंत ग्रेड. एकदा ई किंवा सलग तीन वर्षं डी आला तर सुधारणेचा आराखडा लिहून मंजूर करून घ्यायचा. मर्यादा दरवर्षी कडक: २०१९ च्या तुलनेत २०२३ ला ५ टक्के, २०२६ ला ११.

सूत्र असं: वर्षभरात सोडलेला कार्बन, भागिले जहाजाची क्षमता गुणिले कापलेलं अंतर. क्षमता. प्रत्यक्ष नेलेला माल नाही! आता बघा. जहाज रिकामं पळवलं तर ते हलकं, तेल कमी, अंतर भरपूर. ग्रेड झकास. पूर्ण भरून, दोन आठवडे बंदराबाहेर थांबवलं तर जनरेटर आणि बॉयलर चालूच, अंतर शून्य. ग्रेड गेली. गेल्या जहाजावर आम्ही बंदर कुठे मोकळं होतंय याची वाट बघत वर्षाचा बराच भाग नांगरावर काढला. डिसेंबरात ऑफिसमधून फोन, "चीफ, तुमचा डी आलाय, इंजिनरूममध्ये काय चाललंय?" मी म्हटलं, इंजिनरूममध्ये काहीच चाललेलं नाही, तीच तर अडचण आहे.

आळशी_वाचक

हे वाचून चहा नाकातून आला.

शंकेखोर

म्हणजे रिकामं जहाज फिरवणारा हुशार विद्यार्थी आणि गोणी वाहणारा नापास. माझं मत पक्कं झालं, हे सगळं कागदी आहे.

रेणू

शंकेखोर, थोडी घाई होतेय. एक सूत्र चुकीचं आहे म्हणून सगळं कागदी ठरत नाही. मी रसायन अभियंता आहे, जहाजावर कधी गेले नाही, पण या इंधनांवर काम करते. खरा प्रश्न इंधनाच्या रेणूत आहे (नाव मुद्दाम घेतलेलं नाही).

जड तेलाच्या एका किलोत साधारण ४० मेगाज्यूल ऊर्जा. मिथेनॉलमध्ये २०, अमोनियात त्याहून थोडी कमी. घनताही कमी, त्यामुळे तेवढ्याच प्रवासाला मिथेनॉलची टाकी जवळपास अडीचपट लागते. हायड्रोजन द्रव ठेवायचा तर उणे २५३ अंश. लांबच्या प्रवासाला तो इतकी जागा खातो की मालाला उरत नाही. नॉर्वेत हायड्रोजनवर आणि बॅटरीवर फेरीबोटी चालतात, कारण त्या रोज त्याच धक्क्याला परत येतात. महासागर ओलांडणाऱ्याला ते सुख नाही.

मिथेनॉलचं मोठं सुख म्हणजे ते साध्या तापमानाला द्रव असतं. टाक्यांचा आतला थर बदलावा लागतो, पाइप दुहेरी, गळती ओळखणारे सेन्सर, पण ओळखीचं तंत्र आहे. २०१५ मध्ये स्टेना जर्मानिका ही फेरी मिथेनॉलवर आणली होती. २०२३ मध्ये लॉरा मेर्स्क हे मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज आलं, २१०० कंटेनरांचं. पुढच्याच वर्षी १६ हजारांचं. धोका हा की जळताना ज्योत जवळजवळ दिसत नाही. आग लागलीय हे डोळ्यांना कळत नाही.

आता अडचण. बाजारातलं बहुतेक मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनतं. ते जाळलं तर उगमापासून धुरापर्यंतचा हिशेब साध्या तेलापेक्षाही वाईट येतो. हिरवं मिथेनॉल म्हणजे अक्षय विजेतून हायड्रोजन आणि जैविक स्रोतातला कार्बन डायऑक्साइड. डेन्मार्कमध्ये कासो इथे २०२५ साली असा मोठा कारखाना सुरू झाला, क्षमता वर्षाला ४२ हजार टन. दिवसाला १०० टन तेल जाळणारं जहाज धरा. मिथेनॉल २०० टन लागेल. वर्षात २१० दिवस ते चाललं की कारखाना संपला. एक कारखाना, एक जहाज.

वल्हेकरी

बाप रे. मग इतकी ऑर्डर का दिली कंपन्यांनी?

हिशेबनीस

कारण त्या जहाजांत दोन्ही इंधनं चालतात. मिथेनॉल नाही मिळालं तर तेल. जहाज २५ वर्षं चालतं, आज ऑर्डर दिलेलं २०५० च्या पुढे-मागे भंगारात जाणार. कोणतं इंधन जिंकेल कोणालाच सांगता येत नाही, म्हणून मालक जादा पैसे देऊन मोकळीक विकत घेतायत.

मीठपाणी

एलएनजीबद्दल मी बोलतो, मी ती जहाजं चालवलीत. उणे १६२ अंशांचा द्रव नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. इंजिनरूम इतकी स्वच्छ की पहिल्या दिवशी मला चुकल्यासारखं वाटलं. सल्फर नाही, काजळी नाही, कार्बन डायऑक्साइड पाचवा-चौथा हिस्सा कमी. २०२० मध्ये सीएमए सीजीएमने २३ हजार कंटेनरांचं जाक सादे हे जहाज आणलं तेव्हापासून मोठ्या कंपन्या इकडे वळल्या.

पण थोडा मिथेन न जळताच धुराड्यातून निसटतो. आणि मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून तापट. किती निसटतो ते इंजिनावर अवलंबून. वायू जास्त दाबाने ऐन वेळी आत सोडणारं सावकाश दोन-स्ट्रोक इंजिन असेल तर युरोपच्या नियमात ०.२ टक्के धरतात, कमी दाबाचं दोन-स्ट्रोक असेल तर १.७, आणि मध्यम गतीचं चार-स्ट्रोक असेल तर ३.१. बाहेरून तिन्ही जहाजांवर "एलएनजी" असंच लिहिलेलं असतं! म्हणून कोणी एलएनजी चांगलं की वाईट विचारलं की मी म्हणतो, इंजिन कुठलं ते आधी सांगा.

शंकेखोर

हे मात्र मला माहीत नव्हतं. माहितीपूर्ण. पण तरी मुद्दा उरतोच, हिरवं इंधन दुप्पट-तिप्पट महाग. कोण घेणार?

हिशेबनीस

इथे फ्युएलईयू हा युरोपचा जहाजांच्या इंधनाचा नियम येतो, १ जानेवारी २०२५ पासून. यात धूर किती हे बघत नाहीत, प्रत्येक मेगाज्यूलमागे उगमापासून किती वायू हे बघतात. आधाररेषा ९१.१६ ग्रॅम. २०२५ ला त्यात २ टक्के कपात, २०३० ला ६, २०३५ ला १४.५, आणि २०५० पर्यंत ८०. नुसतं तेल जाळणाऱ्या जहाजाला आज १००० टनांमागे साधारण ६० हजार युरो दंड बसतो.

गंमत पुढे आहे. नियमात जहाजांना गट करायची मुभा आहे. एखाद्या जहाजाने जैविक एलएनजी किंवा हिरवं मिथेनॉल जाळलं तर ते मर्यादेच्या इतकं खाली जातं की त्याची शिल्लक दहावीस तेलाच्या जहाजांची तूट भरून काढते. आणि ती शिल्लक दुसऱ्या कंपनीला विकताही येते. म्हणजे महाग इंधन घेणाऱ्याला पहिल्यांदा गिऱ्हाईक मिळालं. माझ्या अख्ख्या नोकरीत जो पैसा चुकीच्या खिशात जायचा तो पहिल्यांदा बरोबर खिशात जाताना बघितला. शंकेखोर, याला तुम्ही कागदीच म्हणणार, पण या कागदाला भाव आहे.

शंकेखोर

मान्य. पण एकोणीस जहाजं तेलच जाळतायत ना?

हिशेबनीस

जाळतायत. आणि विसाव्याचं बिल भरतायत.

रेणू

अमोनियाबद्दल कोणी विचारलं नाही, पण मला लिहायचंय. त्यात कार्बनच नाही, म्हणून सगळे मोहात पडतात. उणे ३३ अंशांना द्रव होतो, म्हणजे हायड्रोजनपेक्षा कितीतरी सोपा. जग वर्षाला १८ कोटी टनांच्या आसपास बनवतं, मुख्यतः खतासाठी, पण तेही जवळपास सगळं वायू आणि कोळशातून. पेटायला जड, म्हणून थोडं डिझेल लागतंच. नीट जळलं नाही तर नायट्रस ऑक्साइड, जो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट. २०२४ मध्ये फोर्टेस्क्यू कंपनीच्या ग्रीन पायोनियर जहाजावर सिंगापूरमध्ये चाचणी झाली, जपानमध्ये साकिगाके ही टगबोट अमोनियावर चालली. सुरुवात आहे.

मीठपाणी

रेणूताई, तुमचा आदर ठेवून. अमोनियाचं मला भय आहे. हवेत ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३००) झाला की जिवाला धोका. डोळे, नाक, फुप्फुस, जिथे ओल आहे तिथे जाऊन चिकटतो. कारखान्यात गळती झाली तर माणूस वाऱ्याच्या उलट दिशेला पळतो. आम्ही कुठे पळायचं? वीस-बावीस माणसं, एक लोखंडी डबा, चारी बाजूंना पाणी.

रेणू

ही भीती योग्यच आहे. म्हणून दुहेरी भिंती, वेगळी हवा खेळवण्याची सोय, गळती पाण्यात शोषून घेणारी यंत्रणा, असं सगळं मांडलं जातंय. सागरी संघटनेने २०२४ च्या शेवटी तात्पुरती मार्गदर्शक तत्त्वंही काढली. खतासाठी अमोनिया नेणारी टँकर जहाजं कित्येक दशकं चालतात, तो अनुभव आहे. पण तो माल म्हणून नेण्याचा, इंजिनात सोडण्याचा नाही. तुमच्यासारख्यांना विचारल्याशिवाय हे आराखडे पूर्ण होऊ नयेत एवढं मी म्हणेन.

गलबतवाला

इतका वेळ गप्प होतो. वारा विसरलात सगळे! अँटन फ्लेटनर या जर्मन माणसाने शंभर वर्षांपूर्वी बुकाऊ जहाजावर दोन उंच गोल खांब बसवले, ते गरगर फिरवायचे. एका अंगाला वाऱ्याचा वेग वाढतो, दुसऱ्या अंगाला कमी होतो आणि जहाज पुढे ओढलं जातं. फिरकी चेंडू हवेत वळतो तेच तत्त्व. १९२६ मध्ये ते अटलांटिक ओलांडून गेलं. मग तेल स्वस्त झालं आणि खांब अडगळीत गेले. आता तेच परत येतायत. शिवाय २०२३ मध्ये पिक्सिस ओशन या बल्क (सुटा माल नेणाऱ्या) जहाजावर ३७.५ मीटर उंचीचे दोन ताठ पंख बसवले, सहा महिन्यांच्या चाचणीत दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचलं असं ते जहाज भाड्याने घेतलेल्या कारगिल कंपनीने जाहीर केलं.

मीठपाणी

वाऱ्याला माझा विरोध नाही, त्याचा गाळ निघत नाही! फक्त कंटेनर जहाजावर डेकवर जागा कुठे? आणि बल्क जहाजावर क्रेन आणि खांब एकमेकांच्या वाटेत. काही ठिकाणी खांब आडवा पाडता येईल अशी बिजागरी करतात.

वल्हेकरी

आणि अणुशक्ती?

मीठपाणी

सवाना नावाचं अमेरिकी व्यापारी जहाज १९६२ पासून काही वर्षं धावलं, रशियाचं सेवमोर्पुत अजून आठवणीत आहे. यंत्र चाललं, पण कोणतं बंदर आत घेणार आणि विमा कोण उतरवणार, तिथेच गाडी अडते.

शंकेखोर

जागतिक कार्बन कराचं काय झालं? मोठा गाजावाजा होता.

हिशेबनीस

२०२३ मध्ये सागरी संघटनेने २०५० च्या आसपास निव्वळ शून्य असं ध्येय ठरवलं. तिथे पोचायला उत्सर्जनाचे पैसे वसूल करायची यंत्रणा एप्रिल २०२५ मध्ये ६३ विरुद्ध १६ मतांनी पुढे सरकली. ठरलेल्या रेषेपेक्षा थोडी तूट असेल तर टनामागे १०० डॉलर, मोठ्या तुटीला ३८०. ऑक्टोबरात अंतिम मंजुरी व्हायची होती. अमेरिकेने कडाडून विरोध केला आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी बैठकच वर्षभर पुढे ढकलली. आमच्या ऑफिसात त्या दिवशी काहींनी टाळ्या वाजवल्या. पण ज्यांनी हिरव्या जहाजांच्या ऑर्डरी दिल्या होत्या ते गप्प बसले होते. नियम कडक असण्यापेक्षा नियम कधी येणार हे न कळणं धंद्याला जास्त महाग पडतं, कारण बँकेला पंचवीस वर्षांचा कागद दाखवायचा असतो.

वल्हेकरी

सगळ्यांना एक खरा प्रश्न. मी पुढच्या वर्षी परीक्षा देणार. कशावर भर देऊ? सीनियर सांगतात एलएनजीचा कोर्स कर, कॉलेजवाले अमोनिया म्हणतात.

मीठपाणी

बाळा, गॅस आणि कमी ज्वलनबिंदूच्या इंधनांचा कोर्स कर, तो मिथेनॉललाही उपयोगी पडतो. पण त्याआधी जैवइंधन नीट समजून घे, कारण तुझ्या पहिल्या जहाजावर तेच भेटण्याची शक्यता जास्त. इंजिन बदलावं लागत नाही म्हणून कंपन्यांना आवडतं. वापरलेल्या खाद्यतेलाचं वगैरे बनवून २४ किंवा ३० टक्के मिसळतात. ते पाणी ओढून घेतं, टाकीत तळाला जंतू वाढतात, जुन्या टाकीचा कीट सोडवून फिल्टरमध्ये आणतं, काही रबरी सील फुगवतं. रोज टाकीचा तळ काढून पाणी बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण इंजिन त्यावर चालतं.

आणि हिशेब शीक. हल्ली माझा दिवसाचा दीड तास आकडे भरण्यात जातो. एकच तेल सागरी संघटनेच्या नोंदीत, युरोपच्या नोंदीत आणि चार्टररच्या नोंदीत, तिन्हीकडे वेगळ्या नियमाने मोजायचं. फ्लो मीटर आणि टाकीचं माप जुळलं नाही की तीन ऑफिसांतून तीन फोन.

वल्हेकरी

धन्यवाद सर. तळ काढणं लक्षात ठेवतो.

शंकेखोर

चीफसाहेब, पुढची फेरी कोणत्या जहाजावर?

मीठपाणी

पुढच्या महिन्यात जॉइन होतोय. नवं कोरं आहे, कागदावर लिहिलंय "मिथेनॉल रेडी".

शंकेखोर

म्हणजे मिथेनॉलवर चालणार?

मीठपाणी

नाही. रेडी म्हणजे टाकीसाठी जागा राखून ठेवलीय, डेक त्या वजनाला मजबूत केलंय आणि पाइप कुठून जातील त्याचे नकाशे क्लासने (जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने) मंजूर केलेत. टाकी नाही, पाइप नाही. सध्या त्या जागेत रंगाचे डबे आहेत, असं आत्ता त्यावर असलेल्या चीफने कळवलंय.

हिशेबनीस

ते डबे हलवायला कोण पैसे देणार, हे करारात बघून ठेवा.